नागपूरच्या जवाहिरखान्याचा लिलाव



हिऱ्यांवर बोलण्याचा अधिकार जवाहिऱ्याचा. माझा हिऱ्याशी आजवर संबंध आला तो एवढाच, की काच कापणाऱ्या कारागिराच्या हत्याराच्या टोकाला बसविलेली हिरकणी मी पाहिली आहे. लिलाव मात्र मला चांगला ठाऊक आहे. कारखाना बंद पडतो, दारावर नोटीस लागते आणि मग एके दिवशी यंत्रे, खुर्च्या, तराजू, भिंतीवरचे घड्याळ, सारे एका यादीत येऊन बसते आणि बोली सुरू होते. अशा वेळी दोनच प्रश्न विचारावयाचे असतात. माल कुणाचा? आणि पैसे कुणाला? माझी निम्मी हयात हे दोन प्रश्न विचारण्यात गेली. आज तेच प्रश्न मी नागपूरकर भोसल्यांच्या जवाहिरखान्याविषयी विचारणार आहे. राज्य खालसा झाल्यावर इंग्रजांनी तो राजवाड्यातून काढून नेला आणि कलकत्त्याच्या बाजारात विकला.

ही गोष्ट खाप्यापासून दूरची आहे असे कुणी समजू नये. आपल्या गावाजवळून वाहणारी कन्हान पुढे कामठीला जाते. त्या कामठीत कंपनी सरकारची छावणी होती, आणि नागपूरच्या राजवाड्यात जे घडले ते त्या छावणीच्या धाकाखाली घडले.

हकीकत अशी. तिसरे रघुजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी वारले. त्यांना पुत्र नव्हता. १८१८ साली आप्पासाहेबांना पदच्युत करून इंग्रजांनीच या रघुजींना बालपणी गादीवर बसविले होते, आणि त्यांच्या अल्पवयात राज्यकारभाराची सूत्रे दुसऱ्या रघुजींच्या पत्नी बाकाबाई यांच्याकडे व रेसिडेंट जेंकिन्सकडे होती. रघुजी गेले तेव्हा बाकाबाई ऐंशीच्या घरात होत्या. त्यांच्या व राण्यांच्या मनात घराण्यातीलच यशवंतराव या मुलाला दत्तक घ्यावयाचे होते. पुढे तेच जानोजी म्हणून ओळखले गेले. परंतु गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी याने २८ जानेवारी १८५४ रोजी आपले टिपण लिहिले आणि राज्य खालसा करण्याचे ठरविले. त्याच्याच कौन्सिलातील जनरल लो या म्हाताऱ्या अधिकाऱ्याने याला लेखी विरोध केला. देशी लोकांचा आपल्या न्यायावरचा विश्वास उडेल, असा त्याचा आशय होता. लोचे कुणी ऐकले नाही.

डलहौसीच्या टिपणात वारसाहक्काची चर्चा पुष्कळ आहे. पण त्यात एक मुद्दा आहे तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. नागपूरच्या मुलखात कापूस चांगला पिकतो, इंग्लंडच्या गिरण्यांना कापसाची निकड आहे, तो मुलूख हाती आला तर ती निकड भागण्यास मोठी मदत होईल, हे त्याने आडपडदा न ठेवता मांडले आहे. दत्तकाचा धर्मशास्त्रीय वाद एका बाजूला आणि मँचेस्टरच्या चात्या एका बाजूला. कोणते पारडे जड होते हे मी सांगावयास नको. ज्या मुलखाचा वार्षिक वसूल सुमारे ४१ लाख रुपये होता, तो मुलूख एक गोळी न झाडता कंपनीच्या खात्यावर जमा झाला.

मुलूख गेला, पण मुलखाबरोबर मालमत्ताही होती. १८५४ सालीच भोसल्यांचे हत्ती, घोडे, बैल विकावयास काढले आणि ते कवडीमोलाने गेले. ज्या हत्तीवरून दसऱ्याची स्वारी निघावयाची, तो हत्ती पुकारा करून विकला जात असताना गावाने पाहिला. नंतर राजवाड्यातील सामानाची पाळी आली. तेव्हा बाकाबाई संतापल्या. ही बाई काही आततायी नव्हती. चाळीस वर्षे इंग्रजांशी जमवून घेत तिने राज्य सांभाळले होते, आणि १८५७ सालीसुद्धा तिने आपल्या माणसांना आवरून धरले. परंतु सामान हलवाल तर वाड्याला आग लावीन, अशी धमकी तिने दिली. इंग्रज इतिहासकार जॉन के याने आपल्या १८५७ च्या इतिहासात ही हकीकत नोंदविली आहे. धमकीचा उपयोग झाला नाही. सामान गेले आणि राण्यांच्या समाधानासाठी ठेवलेले थोडे नग सोडून बाकीचे जवाहीर कलकत्त्याला रवाना झाले. तोच के पुढे लिहितो, की राज्य घेतल्याने लोकांच्या मनावर झाला नाही इतका वाईट परिणाम या जप्तीने आणि विक्रीने झाला, आणि तोही केवळ आपल्या प्रांतात नव्हे, आजूबाजूच्या मुलखातही, असे त्याच्या कानावर आले होते.

हे असे का व्हावे? राज्य जाणे ही मोठी गोष्ट, दागिने जाणे लहान. पण माणसाचे मन तसे चालत नाही. सरकार बदलले हे खेड्यातल्या माणसाला वसुलीच्या वेळी कळते. घरातल्या म्हाताऱ्या बाईच्या अंगाखांद्यावरचे सोने परक्याने मोजून नेले, हे मात्र त्याला त्याच दिवशी कळते, कारण सावकाराच्या जप्तीत त्याने ते आपल्या घरी पाहिलेले असते. जप्तीचा बेलिफ कोणत्याही सरकारचा असला तरी सारखाच दिसतो.

आता कलकत्त्याच्या बाजारात या मालाचे काय होते ते पाहा. आपल्याकडचा जुना जडाव कुंदनात बसविलेला असतो. शिरपेच असो, कंठा असो, तुरा असो, त्यातील हिरा सपाट, मूळच्या खड्याचा आकार शक्य तितका राखून घासलेला. आपल्या कारागिराची दृष्टी वजन राखण्याकडे. युरोपच्या जवाहिऱ्याला असा नग त्या रूपात नको असतो. त्याला चमक पाहिजे, आणि चमकेसाठी तो निम्मे वजन झिजवावयास तयार असतो. म्हणून असा दागिना विकला गेला की सोने मोडीच्या भावाने जाते, खडे सुटे होतात, पुन्हा पैलू पडतात आणि नव्या कोंदणात बसतात. त्यानंतर त्या खड्याला ना नाव, ना गाव. दरबारात जो दागिना कुणी, कधी, कोणत्या प्रसंगी घातला याची आठवण होती, तो पेटीतून बाहेर पडल्यावर नुसता इतक्या रतींचा माल झाला.

एखाद्या हिऱ्याचे असे काय काय होते, हे दाखविण्यास मराठ्यांचाच दुसरा एक हिरा उपयोगी पडतो, कारण त्याच्या प्रत्येक विक्रीची नोंद राहिली आहे. इंग्रजीत त्याला नासक म्हणतात. मूळ शब्द नाशिक. तो त्र्यंबकेश्वराच्या देवळातला, अशी परंपरा आहे. पेशवाई बुडाली तेव्हा, १८१८ साली, तो दुसऱ्या बाजीरावाकडून कर्नल ब्रिग्जच्या हाती आला आणि दख्खनच्या युद्धातील लुटीचा भाग म्हणून लंडनला गेला. त्या वेळी त्याचे वजन सुमारे ९० कॅरट होते. रंडेल आणि ब्रिज या पेढीने तो अवघ्या ३,००० पौंडांना घेतला आणि पैलू पाडून ८० कॅरटांवर आणला. १८३७ साली लंडनच्या लिलावात वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसने त्याला ७,२०० पौंड दिले आणि आपल्या तलवारीच्या मुठीत तो बसविला. देवाच्या मुकुटातून सरदाराच्या मुठीत! विसाव्या शतकात तो पॅरिसच्या एका जवाहिऱ्याकडे गेला. अमेरिकेत नेला तेव्हा त्याच्यावरून जकातीचा खटला उभा राहिला : ही प्राचीन कलावस्तू समजून बिनजकात सोडावयाची, की व्यापाऱ्याचा माल समजून जकात घ्यावयाची? हा देवाचा होता की पेशव्याचा, हा प्रश्न त्या कोर्टापुढे नव्हता. १९४० मध्ये हॅरी विन्स्टन या न्यूयॉर्कच्या जवाहिऱ्याने तो पुन्हा कापून ४३ कॅरटांवर आणला. १९७० साली न्यूयॉर्कच्या लिलावात एका मालमोटारींच्या धंद्यातील मालकाने तो ५ लाख डॉलरांना घेतला. १९७७ साली तो लेबनॉनच्या मुवाद या जवाहिऱ्याकडे गेला. ९० कॅरटांचे ४३ झाले आणि ३,००० पौंडांचे ५ लाख डॉलर झाले. वजन निम्म्यावर आले आणि किंमत कित्येक पटींनी चढली. ज्याला नाव राहिले त्याची ही गत, तर ज्या नागपुरी खड्यांना नाव राहिले नाही त्यांची काय झाली असेल याची कल्पना आपण करावी.

पेशव्यांचा हिरा युद्धातील लूट म्हणून गेला. लूट ही निदान प्रामाणिक गोष्ट आहे. लुटणारा तिला लूटच म्हणतो. नागपूरला १८५४ साली युद्ध नव्हते. इंग्रजांशी नागपूरची लढाई सीताबर्डीवर १८१७ च्या नोव्हेंबरात झाली, तिला ३६ वर्षे लोटली होती, आणि मधल्या काळात भोसले कंपनीचे दोस्त म्हणवले जात होते. तेव्हा दोस्ताच्या घरातील दागिने कोणत्या नावाखाली न्यावयाचे? येथे डलहौसीची बुद्धी चालली. त्याने म्हटले, हे जवाहीर राजाचे खासगी नव्हे, हे राज्याचे आहे. राज्य आमच्याकडे आले, म्हणून जवाहीरही आले. आणि लगेच पुढे म्हटले, की राण्यांना त्यांच्या दर्जाप्रमाणे काही दागिने ठेवावे आणि बाकीच्या विक्रीतून भोसले कुटुंबासाठी एक निधी करावा.

माझ्यासारख्या माणसाला या दोन वाक्यांची गाठ चटकन दिसते. मालकाचा वकील असेच बोलतो. जवाहीर जर कुटुंबाचे असेल, तर कुटुंबाला न विचारता ते विकण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? आणि जर ते राज्याचे असेल, तर त्याचा पैसा कुटुंबाच्या निधीत कसा? राज्याचा पैसा राज्यातील रयतेच्या कामी लागावयास पाहिजे : तलावाला, रस्त्याला, दुष्काळाला. एका हाताने म्हणावयाचे तुमचे नाही, आणि दुसऱ्या हाताने द्यावयाचे घ्या तुमचेच. नागपुरात असिस्टंट कमिशनर म्हणून आलेल्या इव्हान्स बेल या इंग्रज अधिकाऱ्याला हे अन्यायाचे वाटले. सरकारची चाकरी करीत असताना तो भोसल्यांची बाजू मांडू लागला आणि त्यापायी त्याने वरिष्ठांचा रोष ओढवून घेतला. पुढे त्याने याविषयी पुस्तके लिहिली. पगार घेणाऱ्याने मालकाचे चुकले म्हणून सांगणे किती महाग पडते हे येथे बसलेल्या पुष्कळांना ठाऊक आहे. म्हणून या परक्या माणसाचे नाव मी मुद्दाम घेतले.

येथवर भोसल्यांच्या बाजूने बोललो. पण माझा दुसरा प्रश्न राहिलाच आहे, आणि तो भोसल्यांनाही सुटत नाही. हे जवाहीर आले कोठून?

थोरल्या रघुजींनी १७४२ पासून बंगालवर स्वाऱ्या केल्या. मुर्शिदाबादेत जगतशेठाची पेढी लुटली गेली ती याच काळात. १७५१ साली अलिवर्दीखानाने ओरिसा सोडला आणि बंगालची चौथाई म्हणून वर्षाला १२ लाख रुपये कबूल केले. आम्ही ही हकीकत अभिमानाने सांगतो, आणि शौर्य होतेच. पण बंगालची आई लेकराला झोपविताना बर्गी येतील अशी भीती घालते, आणि ते बर्गी म्हणजे आमचे बारगीर, हेही त्याच हकीकतीचे दुसरे पान आहे. कलकत्त्याच्या बाजारात भोसल्यांचे दागिने मांडले गेले तेव्हा तेथल्या एखाद्या जुन्या शेठाला मनातून बरे वाटले असेल, तर त्याला मी नावे ठेवणार नाही.

दुसरी वाट संबळपूरची. महानदीच्या पात्रात हिराकूद नावाचे बेट होते. कूद म्हणजे बेट. आज त्या नावाचे १९५७ साली पुरे झालेले प्रचंड धरण सर्वांना माहीत आहे, पण ते नाव पडले खरोखरीच्या हिऱ्यांवरून. संबळपूर १८०० च्या सुमारास नागपूरकरांच्या ताब्यात आले आणि मधला थोडा काळ सोडला तर १८१७ पर्यंत राहिले. तेथे हिरे काढण्याचे काम झारा नावाची जमात करी. पावसाळा संपून पाणी ओसरले की नदीचा एक फाटा बांध घालून अडवावयाचा, उघड्या पडलेल्या पात्रातील वाळूगोटे पुरुषांनी उपसावयाचे आणि बायकांनी ते लाकडी पाट्यांवर धुऊन एकेक खडा नजरेने निवडावयाचा. या कामाला हजारो माणसे लागत. कामाबद्दल झारांना काही गावे इनाम होती. मोठा हिरा सापडला तर सापडविणाऱ्याला जमिनीचे बक्षीस. लपविला तर मार आणि होती ती जमीनही जप्त. १८०९ साली तेथे २१० कॅरटांहून जड खडा सापडला, असे भूगर्भशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉल लिहितो. तो जातीने फारसा चांगला नव्हता म्हणतात. तरी तो वाळूतून वेचणारे डोळे चांगले असले पाहिजेत.

ही कामाची पद्धत वाचली तेव्हा मला आपल्या गुमगावच्या मँगनीजची आठवण झाली. तेथेही दगड फोडणारा पुरुष आणि वेचून पाटी भरणारी बाई, असाच जोडीचा धंदा किती वर्षे चालला. फरक इतकाच की मँगनीज लपवून नेण्याचा मोह कुणाला होत नाही.

तेव्हा ‘माल कुणाचा’ या प्रश्नाला डलहौसीने दिलेले उत्तर शब्दाने बरोबर आणि हेतूने खोटे होते. जवाहीर राज्याचे होतेच. वऱ्हाडच्या व नागपूरच्या कुणब्याच्या वसुलातून, बंगालच्या चौथाईतून, झाराच्या मजुरीतून ते जमले होते. परंतु राज्य म्हणजे कंपनीची तिजोरी, हा जो अर्थ त्याने लावला तो चोराचा अर्थ. बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावात पूर्वी असेच होई. एका कारखान्याच्या बाबतीत मी पाहिले आहे, सारी रक्कम तारण ठेवून घेणाऱ्यांनी उचलली आणि ज्यांनी यंत्र चालविले ते फाटकाबाहेर उभे राहिले. १९८५ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन कामगारांच्या देण्याला तारणवाल्या धनकोंच्या बरोबरीचे स्थान मिळाले. ते मिळावयास स्वातंत्र्यानंतर ३८ वर्षे लागली. १८५५ साली कलकत्त्यात कुणब्याच्या आणि झाराच्या वतीने दावा मांडणारे कुणी नव्हते.

आणि आणखी एकाच्या वतीने कुणी नव्हते. तो खाप्याचा कोष्टी.

नागपूरचा दरबार होता तोपर्यंत नागपूर, उमरेड, पवनी, खापा येथील मागांना गिऱ्हाईक होते. बारीक सुताचे, रेशमी काठाचे धोतर, पागोटे, उपरणे, लुगडे दरबारी माणसाला लागे, त्याच्या बायकोला लागे, मानकऱ्याला निरोप देताना लागे. हिऱ्याचा शिरपेच एकाच्या डोक्यावर, पण तो ज्या पागोट्यावर बसतो ते पागोटे कोष्ट्याने विणलेले. दरबार मोडला तेव्हा शिरपेचाचे पैसे तरी कुणाच्या तरी नावे जमा झाले. पागोट्याची मागणी गेली ती कोणत्याच हिशेबात आली नाही. मानकरी कर्जबाजारी झाले, शिलेदार घरी बसले, आणि मागावरचा माल घडीतच राहू लागला. मग १८६७ साली नागपूरला आगगाडी आली. तिने कापूस मुंबईकडे नेला आणि विलायती कापड इकडे आणले. डलहौसीने टिपणात लिहिले होते ते तेरा वर्षांत प्रत्यक्षात आले. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केले तोच दिवस, म्हणून ते नाव. खाप्याचे कोष्टी तरीही टिकले, दुसरे महायुद्ध झाले तरी टिकले, आणि माग आमच्या लहानपणापर्यंत गल्लोगल्ली वाजत होते. माझ्या मते नागपूरच्या राज्यातले खरे जवाहीर काळ्या जमिनीतला कापूस आणि तो विणणारे हात हेच होते. डलहौसीला पहिल्याची किंमत पक्की ठाऊक होती, दुसऱ्याची गरज नव्हती.

राजवाड्याचे पुढे काय झाले तेही सांगून टाकतो. बाकाबाई १८५८ साली वारल्या. जानोजींना पुढे देऊरचे राजेबहादूर ही पदवी मिळाली. आणि ज्या वाड्याला आग लावण्याची धमकी म्हातारीने दिली होती तो काळ्या दगडाचा वाडा १८६४ साली खरोखरच आगीत सापडला. नगारखाना तेवढा वाचला.

आता अगदी अलीकडची गोष्ट. २९ एप्रिल २०२५ रोजी लंडनला सोदबीज या लिलावाच्या पेढीत भोसल्यांची एक वस्तू बोलीला निघाली. दागिना नव्हे, तलवार. पाते युरोपी बनावटीचे, मुठीवर सोन्याचे काम, आणि पात्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत सेनासाहेबसुभा रघुजी भोसल्यांचे नाव. महाराष्ट्र शासनाने ती विकत घेतली. सर्व खर्च धरून ४७ लाख १५ हजार रुपये पडले, आणि १८ ऑगस्ट २०२५ रोजी ती मुंबईला आली. विमानतळापासून तिची मिरवणूक निघाली.

मला त्या मिरवणुकीचे कौतुक आहे, आणि पैसे वाया गेले असे मी म्हणणार नाही. १८५५ साली या घराण्याचा माल राज्याचा म्हणून विकला गेला आणि पैसा राज्यातल्या माणसांपर्यंत पोचला नाही. २०२५ साली या घराण्याचा माल राज्याचा म्हणून घेतला गेला आणि पैसा राज्यातल्या माणसांनी दिला. काडेपेटीपासून कापडापर्यंत जो जो कर आपण भरतो त्यातला तो पैसा आहे. तेव्हा या खेपेस ‘माल कुणाचा’ याविषयी वाद नसावा. नागपुरात १८६३ साली स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय आहे, आपला अजब बंगला. खाप्याचा माणूस सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परत येऊ शकतो. माझी मागणी अशी आहे की ती तलवार तेथे कायमची ठेवावी आणि तिच्या शेजारी, त्याच काचेच्या कपाटात, त्याच उंचीवर, खाप्याच्या मागावर विणलेले एक रेशीमकाठी पागोटे ठेवावे. हे मागणीपत्र लेखी करून देण्यास मी तयार आहे. सह्या आपण कराव्या.